गेमिंग लॅपटॉप तापतो, रखडतो: आधी वॉट बघा, मग स्क्रू उघडा

गेम चालू असताना तापमान ९० अंशांच्या वर दिसलं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात: कूलिंग पॅड मागवतात किंवा चिपवरची थर्मल पेस्ट (चिपमधली उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायला घेतात. कधीकधी ते बरोबरही ठरतं. पण ९० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सीपीयू ९० अंशांवर असताना ९० वॉट खात असेल तर लॅपटॉप ठणठणीत आहे. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या पेटीत एवढी वीज जाळली तर ती तापणारच. तोच सीपीयू ३५ वॉटवर ९५ अंश गाठत असेल, तर उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत कुठेतरी अडलं आहे. आणि तापमान ७० असूनही गेम रखडत असेल तर थंडाव्याचा दोषच नाही. तिथे चिपला वीज कमी मिळते आहे किंवा काम भलत्याच भागावर पडतं आहे.

या तीन अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून अंशांच्या शेजारी वॉट वाचायची सवय लावा. निम्मं निदान तिथेच होतं.

मोजायचं कसं

एचडब्ल्यूइन्फो६४ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. उघडताना 'सेन्सर्स-ओन्ली'वर टिक करा. यादी लांबलचक येते, पण त्यातल्या मोजक्याच ओळी कामाच्या: सीपीयू पॅकेजचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर, कोअर क्लॉक (सीपीयूचा वेग), जीपीयूचं म्हणजे ग्राफिक्स चिपचं तापमान, हॉट स्पॉट (जीपीयूवरचा सगळ्यात तापलेला बिंदू), जीपीयू पॉवर, जीपीयू क्लॉक, आणि मॉडेल दाखवत असेल तर पंख्यांचे आरपीएम (मिनिटाला फेरे). इंटेलवर 'कोअर थर्मल थ्रॉटलिंग' अशी ओळ असते. तिथे 'येस' आलं म्हणजे तापामुळे चिपने स्वतःचा वेग कमी केला. एनव्हिडियाच्या जीपीयूखाली 'परफॉर्मन्स लिमिट'च्या ओळी असतात: थर्मल, पॉवर, व्होल्टेज वगैरे. कुठल्या ओळीवर 'येस' येतं ते टिपून ठेवा, पुढे लागेल.

चाचणी दर वेळी एकसारखी हवी. चार्जर लावलेला, लॅपटॉप कडक सपाट टेबलावर, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये परफॉर्मन्स मोड, आणि खोलीचं तापमान लिहून ठेवलेलं. खोली ५ अंशांनी जास्त गरम असेल तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. ही नोंद नसेल तर दोन वेगळ्या दिवसांचे आकडे ताडून काहीच हाती लागत नाही.

अंगभूत बेंचमार्क असलेला गेम घ्या, म्हणजे दर वेळी तेच दृश्य चालतं. तो फिरून फिरून किमान २० मिनिटं चालवा. पहिली दोन-तीन मिनिटं जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप छान दिसतो, कारण हीटसिंकचं (चिपची उष्णता घेऊन बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचं) तांबं अजून गार असतं आणि उष्णता पोटात घेत असतं. दहा-पंधरा मिनिटांत ते पुरतं तापतं आणि खरी पातळी समोर येते. त्यामुळे १५ मिनिटं झाली की एचडब्ल्यूइन्फोच्या खालच्या पट्टीतलं घड्याळाचं बटण दाबा. किमान, कमाल, सरासरी सगळं तिथून नव्याने मोजलं जातं. पुढच्या पाच मिनिटांची सरासरी हा तुमचा आकडा. 'मॅक्सिमम'च्या रकान्याने घाबरू नका, एका क्षणाची उसळी तिथे चिकटून राहते.

सीपीयू एकटा तपासायचा तर सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी लावा. फरमार्क या जीपीयूवर टोकाचा भार टाकणाऱ्या चाचणीच्या वाटेला जाऊ नका. कुठलाच गेम जीपीयूवर तसा भार टाकत नाही, त्यामुळे तिथल्या आकड्यांवरून गेमबद्दल अंदाज बांधता येत नाही.

आकड्यांचा अर्थ

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची मर्यादा १०० अंश, काहींची १०५. एएमडीच्या रायझनमध्ये मॉडेलनुसार ९५ ते १०५. एनव्हिडियाचे लॅपटॉप जीपीयू साधारण ८७ अंशांच्या आसपास वेग आवरतात. मर्यादेला टेकणं म्हणजे चिप जळणं नव्हे. ती वेग कमी करून स्वतःला वाचवते, आणि तुम्हाला फ्रेम पडताना दिसतात त्या यामुळेच. गेम खेळताना सीपीयू ८० ते ९० आणि जीपीयू ७० ते ८३ या पट्ट्यात, अपेक्षित वॉटसह, असतील तर त्या लॅपटॉपला उघडण्याची गरज नाही.

'अपेक्षित वॉट' कळायचे कसे? जीपीयूसाठी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' लिहिलेली असते. हा आकडा बघाच, कारण नाव एकच असून ताकद वेगळी असते: आरटीएक्स ४०६० लॅपटॉप जीपीयूची अधिकृत मर्यादा ३५ ते ११५ वॉट अशी आहे आणि त्यातला कुठला आकडा निवडायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. सडपातळ मॉडेलमध्ये ७५ वॉटवर चालणारा ४०६० जाडजूड मॉडेलमधल्या ४०६० एवढे फ्रेम देणार नाही, आणि कुठलीही पेस्ट ते बदलू शकत नाही. सीपीयूचं थोडं सैल आहे. गेममध्ये तो ३५ ते ६० वॉटच्या दरम्यान असतो, सिनेबेंचमध्ये बराच वर जातो.

आणखी एक तपासणी हाताने होते आणि तिला काही लागत नाही. भार चालू असताना मागच्या जाळीपासून दहा सेंटीमीटरवर तळहात धरा. झोत जोरदार आणि चटका देणारा असेल तर हीटसिंक आपलं काम करतो आहे. झोत गरम पण क्षीण असेल तर फिन्समध्ये (हीटसिंकच्या टोकाच्या पातळ पत्र्यांमध्ये) धूळ आहे किंवा पंखा थकला आहे. सीपीयू ९८ अंश दाखवतो, पंखे सुसाट आहेत आणि बाहेर येणारी हवा मात्र कोमट, असं असेल तर उष्णता चिपमधून तांब्यात जातच नाही. पेस्ट वाळली आहे, स्क्रू सैल आहे किंवा क्वचित हीटपाइपच (चिपकडून फिन्सकडे उष्णता नेणारी तांब्याची नळी) गेला आहे. या शेवटच्या अवस्थेत आणखी एक खूण सापडते: भार सुरू केल्यावर तापमान दोन-तीन सेकंदांत ५० वरून ९५ ला उडी मारतं आणि भार थांबवला की तितक्याच झटक्याने उतरतं. धुळीने तुंबलेला लॅपटॉप सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो.

जीपीयूचं साधं तापमान आणि हॉट स्पॉट यांतलं अंतर १० ते १५ अंश असणं नेहमीचं. ते २५ च्या पुढे गेलं तर हीटसिंक चिपवर सपाट बसलेला नाही. काही नव्या जीपीयूंवर हॉट स्पॉटचा आकडा दिसतच नाही, तिथे हाताच्या तपासणीवर भिस्त ठेवा.

थंड आहे तरी मंद

ही अवस्था लोकांना सगळ्यात जास्त चकवते, आणि इथले बहुतेक उपाय फुकटात होतात.

पहिला संशय चार्जरवर. त्याच्या लेबलवर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. १९.५ व्होल्ट आणि ९.२३ अँपिअर म्हणजे १८० वॉट, २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर म्हणजे २३०. लॅपटॉपसोबत २३० वॉटचा चार्जर आला होता आणि आता १०० वॉटचा यूएसबी-सी चार्जर लावून खेळताय, तर जीपीयू अर्ध्या ताकदीने चालणं स्वाभाविक आहे. चार्जर लावलेला असूनही गेम खेळताना बॅटरीची टक्केवारी उतरत असेल तर चार्जर अपुरा पडतो आहे, ही पक्की खूण. नुसत्या बॅटरीवर पूर्ण वेग मिळेल ही अपेक्षाही सोडा. बॅटरी तेवढी वीज सोडूच शकत नाही.

सीपीयूचा क्लॉक ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर गोठलेला, तापमान ५० च्या आत, आणि विंडोज उघडायलाही मिनिट लागतं आहे, असं असेल तर बोर्डावरचा दुसरा कुठला तरी भाग सीपीयूला 'थांब' असा इशारा देतो आहे. हा इशारा बीडी प्रॉचॉट नावाने ओळखला जातो. डेल आणि एचपीचे चार्जर मधल्या बारीक पिनवरून आपली ओळख लॅपटॉपला सांगतात. ती पिन वाकली, केबल आतून तुटली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉप त्याला ओळखत नाही आणि वेग तळाला नेतो. डेल तर सुरू होतानाच चार्जरचा प्रकार कळला नाही असा संदेश देतो. आधी चार्जर काढून बघा: बॅटरीवर वेग वाढला तर चोर सापडला. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये बीडी प्रॉचॉटची टिक काढूनही वेग परत येतो, पण ती टिक निदानापुरती काढा. इशारा व्होल्टेज रेग्युलेटर (चिपला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) खरोखर तापल्यामुळे येत असेल तर तो कायमचा दाबून टाकणं महागात पडेल.

मग मोड बघा. लेनोवो लीजनमध्ये एफएन आणि क्यू दाबल्यावर पॉवर बटणाचा रंग बदलतो: निळा शांत, पांढरा मध्यम, लाल पूर्ण ताकद. आसुसमध्ये आर्मरी क्रेट, एसरमध्ये नायट्रोसेन्स किंवा प्रेडेटरसेन्स, एचपीत ओमेन गेमिंग हब, एमएसआयमध्ये एमएसआय सेंटर. शांत मोडमध्ये पंखेच नव्हे तर वॉटची मर्यादाही खाली येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजचा पॉवर मोड आणि कंपनीचा मोड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, दोन्ही तपासा.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दोन जीपीयू दिसतात. गेम चालू असताना मोठा जीपीयू शून्याजवळ आणि अंगभूत जीपीयू शंभरावर असेल तर विंडोजने गेम चुकीच्या ठिकाणी पाठवला आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' लावा. मक्स स्विच (पडदा कुठल्या जीपीयूला जोडायचा ते ठरवणारी सोय) असेल तर तो थेट मोठ्या जीपीयूवर ठेवल्याने आणखी काही फ्रेम मिळतात, बदल्यात बॅटरी लवकर संपते.

त्याच टॅबमध्ये मेमरीवर टिचकी मारा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' दिसत असेल तर रॅम एका चॅनेलवर चालते आहे आणि सीपीयूला डेटा निम्म्या रुंदीच्या रस्त्याने मिळतो. तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी टाकली की फ्रेमचे धक्के स्पष्ट कमी होतात. जीपीयूच्या स्वतःच्या मेमरीवरही नजर टाका. ८ जीबीपैकी ७.८ भरलेली आणि जीपीयूचे वॉट मधूनमधून कोसळतात, असं असेल तर टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा. याला कुठलाही कूलर उतारा नाही.

उघडण्याआधी एवढं करा

फ्रेम रेटला मर्यादा घाला. पडदा १४४ हर्ट्झचा आहे आणि गेम मेन्यूतसुद्धा ३०० फ्रेम काढतो आहे, तर ती वीज आणि उष्णता वाया जाते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या 'मॅक्स फ्रेम रेट'मध्ये पडद्याच्या दरापेक्षा तीन-चार कमी आकडा टाका. संथ, एकट्याने खेळायच्या गेमला ६० पुरतात, आणि तिथे तापमानातला फरक दहा अंशांच्याही वर जाऊ शकतो. या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात परिणामकारक उपाय हाच.

लॅपटॉपचा मागचा भाग दोन-तीन सेंटीमीटर उचला. हवा खालून आत येते आणि रबरी पायांमुळे मिळणारी फट जेमतेम असते. लाकडाचे दोन ठोकळे चालतात, फक्त जाळी मोकळी राहू द्या. साध्या कूलिंग पॅडने दोन ते पाच अंश उतरतात, ते बऱ्याचदा उंचीमुळेच. कडेने फोम लावून हवा दाबणारे पॅड जास्त काम करतात, पण आवाज फार आणि धूळही तितक्याच जोमाने आत ढकलली जाते. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून खेळणं बंद.

सीपीयूचा टर्बो (भार आला की आपोआप वाढणारा जादा वेग) आवरणं हा तिसरा उपाय. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडून 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केलं की बहुतेक चिपांचा टर्बो बंद होतो आणि तापमान १५-२० अंशांनी खाली येतं. ज्या गेममध्ये जीपीयू आधीच ९८ टक्क्यांवर आहे तिथे फ्रेम फारसे जात नाहीत. शिवाय सीपीयू आणि जीपीयू अनेकदा एकाच हीटपाइपवर बसलेले असतात, त्यामुळे सीपीयू निवला की जीपीयूलाही जागा मिळते. स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांना मात्र हे परवडणार नाही, त्या गेमचे फ्रेम बहुतांशी सीपीयूच्या वेगावर ठरतात.

धूळ काढणं

लॅपटॉप उघडायच्या आधी त्याच्याकडे बाजूने बघा. टचपॅड वर उचललं गेलं आहे, तळाचं झाकण फुगलं आहे, टेबलावर डुगडुगतो आहे, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. चार्जर काढा, बंद करा आणि आधी बॅटरी बदलून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टोकदार काहीही लावायचं नाही.

बाकी सामान साधं: पीएच०० आणि पीएच० चे स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचं जुनं कार्ड किंवा गिटारचा पिक, मऊ ब्रश, हवेचा कॅन किंवा छोटा ब्लोअर, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि धागे न सोडणारं कापड. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातला अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातो. वॉरंटी चालू असेल तर अटी वाचून मग पुढे जा. आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर असेल तर ती समोर ठेवा.

तळाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात कसला तर तो कीबोर्डच्या बाजूला डोकं काढतो किंवा बोर्ड चिरतो. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, म्हणून झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी तिथे चाचपा. काही मॉडेलांत कोपऱ्यातला स्क्रू सैल होतो पण बाहेर येत नाही, तो तसाच बनवलेला असतो. कार्ड फिरवत क्लिपा एकेक करून सोडवा, बहुतेकदा बिजागरीजवळची बाजू शेवटी निघते.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायरी ओढू नका, कनेक्टरच्या कडा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आळीपाळीने सरकवा. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

आता पंखा. वरून पात्यांवर दिसणारी धूळ किरकोळ असते. खरी अडचण पंख्याची हवा जिथून बाहेर पडते आणि फिन्स सुरू होतात त्या सांध्यात असते. तिथे केस आणि धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो, आणि तो बाहेरच्या जाळीतून अजिबात दिसत नाही. फिन्स बाहेरून चकचकीत, आत वाट बंद. म्हणून पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलाच. थर चिमट्याने अखंड निघतो, मग फिन्स बाहेरच्या बाजूने आत हवा मारून मोकळ्या करा. पंखा जागेवर ठेवून बाहेरून हवा मारली तर तोच थर पंख्यात जाऊन अडकतो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग घासतं आणि मोटर उलट वीज तयार करते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ आणू नका, स्थिर विजेचा धोका असतो.

पंखा हाताने फिरवून बघा. मोकळा फिरून हळूहळू थांबला तर चांगला. खरखर, लचक किंवा अडखळणं जाणवलं तर बदला. डावा आणि उजवा पंखा वेगळा असतो, आणि दिसायला सारखेच पंखे ५ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. म्हणून मागवताना पंख्यावरच्या लेबलचा नंबर जुळवा, फोटोवर जाऊ नका.

इथे थांबून झाकण लावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. दर वेळी पेस्टपर्यंत जावंच लागतं असं नाही.

पेस्ट आणि पॅड

आधी एक इशारा. आसुसच्या अनेक आरओजी मॉडेलांत आणि इतर काही महागड्या लॅपटॉपांत कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावलेलं असतं. ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. हीटसिंक निष्काळजीपणे उचलला आणि एक थेंब बोर्डावर गेला तर बोर्ड संपला. आपल्या मॉडेलमध्ये ते आहे का हे आधी शोधा. असेल आणि अनुभव नसेल तर हात लावू नका.

साधी पेस्ट असेल तर लॅपटॉप दहा मिनिटं चालवून गरम केल्यावर बंद करून उघडा, वाळलेली पेस्ट सैल पडते. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत. सगळे सुटले की हीटसिंक सरळ वर न ओढता किंचित डावी-उजवीकडे हलवा, मग उचला.

जुनी पेस्ट पुसण्याआधी तिचा फोटो काढा, कारण तिची नक्षी कारण सांगते. मधोमध चिप उघडी पडली आहे आणि कडेला पेस्टची वाळलेली भिंत उभी आहे, तर पेस्ट बाहेर ढकलली गेली आहे. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं. तापणं-निवणं रोज होत राहतं, चिप आणि तांबं दर वेळी थोडंसं वाकतं आणि पातळ पेस्ट मधून हळूहळू कडेला सरकते. डेस्कटॉपसाठी नावाजलेल्या पातळ पेस्ट लॅपटॉपमध्ये काही महिन्यांत हार मानतात त्या यामुळे. एका कोपऱ्यात थर जाड आणि दुसऱ्यात नाहीच, अशी नक्षी असेल तर हीटसिंक तिरका बसला होता, किंवा कुठलं तरी थर्मल पॅड जास्त जाड आहे.

लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट निवडा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फेज चेंज पॅड. हनीवेलचं पीटीएम७९५० यात सर्वांत प्रसिद्ध आहे. ते ०.२५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात मिळतं, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिप आणि तांब्यातल्या बारीक फटी भरतं आणि पेस्टसारखं कडेला पळत नाही. नकली माल भरपूर आहे, विक्रेता पारखून घ्या. लावण्याआधी १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन्ही बाजूंचे पातळ पापुद्रे न फाटता निघतात. तुकडा चिपपेक्षा मिलिमीटरभर मोठा कापा, एक पापुद्रा काढून चिपवर ठेवा, बोटाने दाबा, मग दुसरा काढा. दुसरा काढायचा विसरलात तर तापमान थेट शंभरावर जाईल. पहिल्या दिवशीचे आकडे फार चांगले आले नाहीत तरी चिंता नको, चार-पाच वेळा तापून निवल्यावर ते स्थिरावतं.

पेस्टच लावायची असेल तर मधोमध थेंब ठेवून हीटसिंक दाबण्याची डेस्कटॉपची पद्धत इथे नको. उघड्या चिपचा एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथले कोअर लगेच तापतात. पट्टीने सगळ्या चिपवर सारखा थर पसरवा, खालचा चकाकता पृष्ठभाग दिसेनासा होईल एवढाच.

आजूबाजूच्या मेमरी चिपांवर आणि व्होल्टेज रेग्युलेटरवर थर्मल पॅड असतात. ते शाबूत असतील तर तसेच ठेवा. फाटले तर जाडी मोजूनच बदला. ०.५ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटर टाकलं की हीटसिंक उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. पेस्ट बदलल्यावर 'आधीपेक्षा वाईट झालं' अशी जी तक्रार असते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. जाडीबद्दल शंका असेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी वापरा, ती दाबली जाईल तेवढी पसरते.

कसताना आकड्यांच्या क्रमाने, आधी सगळे स्क्रू हलके, मग दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण. स्क्रू तळाला टेकून थांबला की थांबा.

व्होल्टेज कमी करणं

ही शेवटची पायरी, आणि ती यंत्र स्वच्छ झाल्यावरच. जीपीयूसाठी एमएसआय आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा आलेख येतो. ८५० मिलिव्होल्टचा ठिपका सध्याच्या गेममधल्या क्लॉकच्या आसपास उचला, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच पातळीत आणा आणि बदल लागू करणारी टिक दाबा. तासभर अवघड गेम चालवा. गेम बंद पडला तर क्लॉक ३० मेगाहर्ट्झने उतरवा. क्लॉक तोच राहून १५-२० वॉट वाचणं यात सहज शक्य आहे.

इंटेलवर थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत कोअर आणि कॅश दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्ट देऊन सुरुवात करा आणि दहा-दहाने पुढे जा. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाल्यानंतर अनेक लॅपटॉपांत ही सोय बायोसमधूनच (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद झाली आहे. तिथे आकडे बदलूनही काही घडत नाही. एचएक्स मालिकेच्या चिपांवर ती बहुधा खुली असते. रायझनवर बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सोय) असेल तर सगळ्या कोअरला उणे १० पासून सुरू करा. कुठेही सेटिंग एकदम कायमची करू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये डब्ल्यूएचईए त्रुटींचा (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुकांचा) आकडा शून्यावरून हलला की तुम्ही एक पायरी जास्त गेला आहात.

जोडल्यावर काही बिनसलं तर

लॅपटॉप सुरूच होत नाही: बॅटरीचा कनेक्टर पुन्हा दाबा आणि चार्जर लावून बटण दाबा. बॅटरी सोडवल्यानंतर बरीच मॉडेलं चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाहीत. रॅमला हात लावला असेल तर डीडीआर५ च्या लॅपटॉपमध्ये पहिल्या वेळी पडदा दोन-तीन मिनिटं काळा राहू शकतो, तेवढ्यात घाईने बंद करू नका.

एक पंखा शून्य आरपीएम दाखवतो: त्याची बारीक वायर बसलेली नाही, किंवा ती झाकणाखाली चेपून पात्यात गेली आहे. झाकण काढून दोन्ही बघा.

सीपीयू सुरू होताच ९०, हवा गार: एखादा हीटसिंक स्क्रू राहिला, पापुद्रा राहिला किंवा पॅड जाड झालं, याच क्रमाने तपासा. तिन्ही ठीक असूनही तेच होत असेल तर हीटपाइप तपासा. लॅपटॉप भाराखाली असताना आणि झाकण उघडं ठेवून, फिरत्या पंख्यापासून बोट लांब ठेवत, पाइपच्या फिन्सकडच्या टोकाला अलगद स्पर्श करा. चिपकडचं टोक हात ठेववणार नाही इतकं गरम आणि हे टोक गार असेल तर आतलं द्रव गळून गेलं आहे. तो पाइप दुरुस्त होत नाही, पूर्ण हीटसिंक मॉडेल नंबरवरून मागवावा लागतो.